तुला नीट ऐकू आलं होतं

हॉटेलची खोली, चौथा मजला
मंगळवार, १४ तारीख, दुपार

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. हातपाय धड आहेत, दात सगळे जागच्या जागी आहेत आणि जेवतेही आहे पोटभर. एवढं आईला मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे तिचा जीव भांड्यात पडेल. पण पुढचं वाचू नकोस तिला. ते तुझं एकटीचं आहे.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू दर वाक्याला 'परत सांग' म्हणतेस, आणि हे दोनदा सांगायची माझ्यात हिंमत नाही.

आधी इकडच्या गमती. माझ्या खोलीत आमची गोलकीपर आहे. सहा वर्षांनी मोठी आणि सगळ्यांवर डाफरते, म्हणून तिला सगळ्या आक्का म्हणतात. बेसिनमध्ये मोजे धुते आणि टेबललॅम्पवर वाळत घालते, त्यामुळे आमच्या खोलीला कायम एक सुगंध असतो. देशाची जर्सी मिळाली, पण सगळ्यांत लहान मापाच्या जर्सीचीही बाही कोपरापर्यंत येते. आमच्या कोच मॅडम बोलतात कमी. त्यांची डावी भुवई वर गेली की समजायचं, आपलं काही खरं नाही.

बघ, किती वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसलेय.

परवाची मॅच तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलीत. देशाकडून माझी ही तिसरीच मॅच, आणि मी आपल्याच गोलमध्ये बॉल घातला. एकुलता एक गोल. बाबा म्हणाले टेन्शन आलं असेल. तसं काही नव्हतं, ताई. बॉल उंच आला, मागून आक्का ओरडली, "सोड!" ती दोन्ही हात वर करून तयार होती. मला अगदी स्वच्छ ऐकू आलं. पण मला सोडता येईना. वाटलं, ही खरंच मागे आहे कशावरून? नुसतीच ओरडत असली तर? मी डोकं घातलं आणि बॉल तिच्या हातांवरून आत गेला.

ड्रेसिंगरूममध्ये आक्काने विचारलं, "ऐकू नाही आलं का गं?"

"नाही," मी म्हणाले. किती पटकन निघालं तोंडातून! माझी मलाच लाज वाटली. आणि ती वेडी लगेच मॅडमकडे जाऊन म्हणते कशी, "चूक माझी आहे. माझाच आवाज कमी पडला."

मी एक बूट काढला होता, दुसरा पायातच होता. तशीच लंगडत गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आला होता आवाज. मला ऐकू आलं होतं." मॅडमची भुवई वर गेली. "मग?" मी खाली बसून दुसरा बूट काढला. पुढच्या मॅचला बाहेर बसवलंय मला, आणि ते बरोबरच आहे.

खोलीवर आले तर तुझा मेसेज. "भिंगरे, गोलकीपर ओरडताना टीव्हीवर दिसली. मनाला लावून घेऊ नकोस. माझ्यासारखंच तुझ्या कानांचं झालेलं दिसतंय, घराण्यातच असेल. परत आलीस की त्याच डॉक्टरकडे जाऊ, मी येते सोबत."

ताई, मी तो मेसेज वाचून बाथरूममध्ये जाऊन बसले. आक्का दार वाजवत होती, मोजे धुवायचेत म्हणून.

आता लिहिते. तीन वर्षांपूर्वीची निवडीची मॅच. आपल्या कोच सरांनी आपल्याला दोघींना आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, मागे खेळणारी एकच घेणार आहेत. तू म्हणालीस, "जिला घेतील तिला. दोघींपैकी कुणीही गेली तरी घरातलीच." तू ते मनापासून म्हणाली होतीस. मी नुसती मान डोलावली. शेवटची दहा मिनिटं राहिली होती. बॉल तुझ्याकडे आला, तू तो लांब मारणार होतीस. सोपा होता. मी तुझ्या मागे, पण पार गोलच्या तोंडाशी. आणि मी ओरडले, "सोड!"

आपला शब्द, ताई. बिल्डिंगमागच्या बोळात खेळायचो तेव्हापासूनचा. सोड म्हणजे मी आहे मागे, तू बघूसुद्धा नकोस. तू बघितलंच नाहीस. पाय उचललास आणि बॉल जाऊ दिलास.

मला तो बॉल हवा होता, निवडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर. पण शब्द तोंडातून निघतानाच मला दिसलं होतं की त्यांची पुढची मुलगी माझ्याआधी पोचणार. 'नको, मार' म्हणायला वेळ होता. मी म्हटलं नाही. तिने बॉल गोलकडे मारला आणि मी आडवी पडून रेषेवरून परतवला. टाळ्या! तू सोपा बॉल सोडलास आणि मी गोल वाचवला, सगळ्यांनी एवढंच पाहिलं. त्याच क्षणाच्या माझ्या फोटोला बाबांनी फ्रेम केली. आणि भिंतीत खिळा ठोकलास तू.

मॅचनंतर तू विचारलंस, "तू सोड म्हणालीस ना गं?" मी म्हणाले, "नाही. मी काहीच बोलले नाही."

तू रागावली असतीस, भांडली असतीस तर मी तेव्हाच कबूल केलं असतं, असं मी स्वतःला खूपदा सांगितलंय. तेही खोटंच असेल. तू भांडली नाहीस. तू कानाच्या डॉक्टरकडे गेलीस. काचेच्या खोलीत हेडफोन लावून, डोळे घट्ट मिटून, आवाज आला की बटण दाबत होतीस, आणि मी बाहेर तुझी पर्स मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. तू म्हणालीस, "मशीन बिघडलं असेल." घरी सगळे पोट धरून हसले. मीसुद्धा हसले, ताई.

मग तू खेळणं सोडलंस. औषधांच्या दुकानात लागलीस. मागच्या खेपेला मी काउंटरशी उभी होते. एक म्हातारे आजोबा खोकल्याचं औषध मागत होते आणि तू त्यांना तीनदा विचारलंस, "परत सांगा, काय म्हणालात?" ते चिडले. मालक कौतुकाने म्हणाले, पोरगी फार काळजीने काम करते. मी तुझा डबा काउंटरवर ठेवला आणि निघाले.

आई सांगत होती, सरांनी तुला लहान मुलींना शिकवायला बोलावलंय आणि तू म्हणालीस, "मैदानावर मला धड ऐकू येत नाही." या शनिवारी त्यांना पक्कं उत्तर हवंय ना? म्हणून हे पत्र आजच टाकतेय, गुरुवारपर्यंत पोचेल.

तू हो म्हण की नाही म्हण, ते तुझं तू ठरव. पण कानांमुळे नाही म्हणू नकोस. बाबांना मी स्वतः सांगणार आहे. फोटोही मीच उतरवीन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, माझी बॅग मी आणीन.

माफी मागायला लिहायला बसले होते. पण माफीआधी तुला तुझे कान परत द्यायचे आहेत.

तुला नीट ऐकू आलं होतं, ताई. मी सोड म्हणाले होते. चांगली मोठ्याने म्हणाले होते.

मागे नसलेली,
तुझी भिंगरी