पाठीवरच्या दोन निळ्या रेघा

गुरुजी, तुम्ही जाऊन लई वर्षं झाली, पण हे सांगावं असं जिवंत माणूस मला दिसत नाही. सगळ्यांचाच संशय येतो. नात विंझरच्या शाळेत सहावीला आहे. मागच्या आठवड्यात ती घरी आली, तर गणवेशाच्या पाठीवर दोन आडव्या निळ्या रेघा. "कुणी केलं गं?" तर म्हणाली, "कुणी न्हाई."

आमच्या वाडीत शेळ्या ओळखायला घरागणिक खूण असते. आमचा मानेवर लाल ठिपका, शेजारच्यांच्या पाठीवर दोन निळ्या रेघा. मला वाटलं, आणखी काय पुरावा पाहिजे? शेजारची पोर नातीच्याच वर्गात, रोज तिच्याच बरोबर जाते. गोड बोलून हीच करत असणार. सकाळी वाटेत तिला गाठलं. "माझ्या नातीला शेळी समजतीस व्हय? परत तिच्याजवळ दिसू नकोस." ती रडली नाही, वळून चालायला लागली. तिच्याही पाठीवर, धुऊन फिकट झालेल्या, तशाच रेघा होत्या. तरी मनात आलं, आपलं नाव येऊ नये म्हणून स्वतःच ओढून घेतल्या असतील!

चार दिवसांनी नातीनं दप्तर टाकलं. "म्या न्हाई जायची साळंत. पोरं आमा दोघींना शेळ्या म्हणत्यात. तिच्या शेळ्या बघून त्यांनीच रेघा मारल्या. दोघी असलो की सोसायचं. आता येकटी कशी बसू?"

मलाही याच शाळेत, चौथीत पोरं बें बें करायची. मी घरी बसलो, तर तुम्ही डोंगर चढून आलात, चुलीपाशी भाकरी खाल्लीत, आईला म्हणालात, "उद्यापासून त्याला माझ्याजवळ बसवतो." मी माळ्यावर दडून ऐकत होतो. मला वाटलं, गोड बोलून नेणार आणि मारणार. परत शाळेत आलोच नाही.

काल शेजारी जाऊन पोरीची माफी मागितली. तिची आजी म्हणाली, "भावजी, शेळ्या सोडून पोलीस कवा झाला तुमी?" पोर मात्र हसली नाही. "आजोबा, बाईंना सांगाल का?" मी व्हय म्हणालो.

आज दोघींना घेऊन आलोय. त्या आत गेल्या, मी फाटकाबाहेर दगडावर बसून हे लिहितोय. बाई व्हरांड्यात उभ्या आहेत. त्यांना सगळं ठाऊक असेल आणि त्या गप्प बसल्या असतील, असंही मनात येतं. आजोबा येतात का म्हणून नात दारातून बघते आहे. हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून लिहितो : या फाटकातून आत जायला मला अजून भीती वाटते, गुरुजी. त्यापेक्षा एका पोरीवर खेकसणं सोपं गेलं.