किल्ली तुझ्याकडे, मशीन माझ्याकडे

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली तो अर्ध्यावरच अडकतो, तरी पूर्ण धरून घ्यावा.) तुझी कंबर कशी आहे? भावजींचं घोरणं अजून भिंतीपलीकडे जातं, की शेजाऱ्यांनीच घर बदललं? सहा वर्षांनी माझं अक्षर पाकिटावर पाहून तू दारातच उभी राहशील आणि मनात म्हणशील, कोण गेलं? कोणी गेलं नाही. गेलाय तो माझा भरतकामाचा प्रोग्राम.

झालं असं, की सोमवारी दुकान उघडलं, मशीनवरचं फडकं काढलं, कॉम्प्युटर लावला, तर पडद्यावर पाटी: मुदत संपली आहे, डिझाइनं बघता येतील, वापरता येणार नाहीत. म्हणजे डोळेफोड करून मी केलेली डिझाइनं मीच बघायची, काचेच्या कपाटातल्या मिठाईसारखी. शाळेचे चाळीस बिल्ले अर्धवट पडलेत. कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीचा आवाज मोठा गोड. म्हणाली, "मावशी, प्रोग्राम तुम्ही विकत घेतलेलाच नाही, फक्त वापरायची परवानगी घेतली आहे. भाडं थांबलं की परवानगी थांबते." मी म्हटलं, उद्या कात्रीवाला दर महिन्याला भाडं मागायला आला आणि नाही दिलं म्हणून कापलेलं कापडही घेऊन गेला, तर चालेल का तुला? तर म्हणे, त्याच्या बदल्यात दर महिन्याला सुधारणा मिळतात ना! सुधारणा कसली, ताई, टाक्यांचं बटण डावीकडचं उजवीकडे गेलं, तिथून वर गेलं, आणि एके दिवशी नाहीसंच झालं. ते शोधण्यात मी आठवडा घालवला आणि त्या आठवड्याचंही भाडं भरलं. (न्यायाने बोलायचं तर तिचंही अगदीच चूक नाही. तिकडेही माणसं बसून काम करतात, त्यांनाही पोटं आहेत. आपल्या जुन्या, खोक्यातून विकत आणलेल्या प्रोग्रामला ‘ग’ भरताना दर वेळी गाठ मारायची खोड होती आणि चौदा वर्षांत ती कोणी काढली नाही. पण ती गाठ आपली स्वतःची होती.)

ते खोकं आठवतं तुला? पंख्यासाठी साठवलेले पैसे आपण त्यात घातले आणि दोन उन्हाळे त्याच्याच झाकणाने वारा घेतला. एकदा पैसे मोजले, पावती घेतली, विषय संपला. त्याच्यासोबत बोटाएवढी निळी किल्ली आली होती. ती कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचल्याशिवाय प्रोग्राम डोळा उघडायचा नाही. तू ती लाल दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचीस आणि जेवायला जातानासुद्धा काढून न्यायचीस, जसं काही मी मशीन घेऊन पळूनच जाणार होते. ती खोचायला वाकलीस की उठताना तुझं डोकं टेबलाला आपटायचं, आणि दर वेळी बोलणी मला बसायची. त्या बोलण्यांशिवाय दुकान उघडल्यासारखं अजून वाटत नाही.

आईची अक्षरं आपण त्याच प्रोग्राममध्ये केली. तिच्या जुन्या पत्रांतून एकेक अक्षर वेचलं. ‘ढ’ काही सापडेना (आईने उभ्या जन्मात कोणाला ढ म्हटलं नाही, आपल्याला पाहूनही नाही), तेव्हा तो तूच तिच्या वळणाने काढलास. मी इतकी वर्षं तो निरखून पाहते, पण आईचा नाही असं मलाही सांगता येत नाही. उशीच्या अभ्र्यावर नाव भरून दिलं की गिऱ्हाइकं म्हणायची, घरातल्याच कोणीतरी लिहिल्यासारखं वाटतं.

मग तू मुलाकडे राहायला जायचं ठरवलंस आणि मी तुला नाही नाही ते बोलले. (तूही काही तोंडात गूळ धरून बसली नव्हतीस.) वाटणी मात्र आपण अगदी न्यायाने केली. मधे तिसरं माणूस नको, आई खाऊ वाटायची तसं एक तू उचल, एक मी. धाकटी म्हणून पहिला हात माझा. मी भरतकामाचं मशीन उचललं, कॉम्प्युटरसकट. तू शिवणयंत्र सोडलंस, दोऱ्यांचं कपाट सोडलंस आणि किल्ली उचललीस! मी बघतच राहिले. माझ्याकडे मुकं मशीन, तुझ्याकडे बिनकुलपाची किल्ली. एका शब्दाने मागितली असती तर तू दिलीही असतीस, पण मागेन ती मी कसली? नाक वर करून नवा कॉम्प्युटर आणला आणि भाड्याचा प्रोग्राम घेतला. कंपनीला लुटारू म्हणते खरी, पण सहा वर्षं मी भाडं भरलं ते माझ्या नाकाचं.

तुला नात झाली, तिचं नाव काय ठेवलं, हे मला दोरेवाल्याकडून कळलं. फार लागलं मनाला. तरी मी एक पिवळी दुलई शिवून ठेवली आहे. तिच्यावर बाळाचं नाव आईच्या अक्षरात भरायचंय, दुसऱ्या कुठल्या अक्षरात मला ते भरायचंच नाही. ती अक्षरं नव्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आहेत, तिथे भाडं आडवं येतं. जुन्यावरही आहेत, तिथे किल्ली नाही. आईचं अक्षर माझ्या घरात आणि मी दाराबाहेर उभी. खरं सांगते, रडू आलं.

असो. एवढंच कळवायचं होतं. भावजींना नमस्कार, बाळाला माझा गालगुच्चा.

तुझी,
धाकटी

ता. क. : एवढंच कळवायचं नव्हतं. किल्ली असेल तर पाठव.

आणखी एक : कुरियरने नको. बोटाएवढी वस्तू, वाटेत हरवली म्हणजे? तूच घेऊन ये. बाळालाही आण, दुलईचं माप घ्यायचंय. (दुलईला माप लागत नाही, मला माहीत आहे.)

शेवटचं : मुदत आपोआप संपली नाही. मीच भाडं बंद केलं. एक बटण दाबलं की दोन मिनिटांत सगळं चालू होईल, त्या मुलीने मला तीनदा समजावून सांगितलं. पण मग तुला लिहायला काही निमित्तच उरलं नसतं. जुन्या कॉम्प्युटरचं टेबल मी भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलं आहे. या वेळी डोकं आपटणार नाही.