दहा मिनिटं पुढची आकृती

सोमवार, ४ नोव्हेंबर
काटोलहून पहिल्या बसने निघाले, तर्री-पोहे हाणले आणि दहाच्या ठोक्याला लकडगंजच्या आरामशीनवर हजर! लाकूड कापणारे कापतील, मी कॉम्प्युटर आणि कॅमेरे सांभाळायचे. मालक शालिकरामजींनी ऑफिसातला मोठा पडदा दाखवला. चार कॅमेरे, चार चौकटी. चौथीत माझीच खुर्ची. पण प्रत्येक माणसाला चिकटून एक फिकट दुसरा माणूस दिसतो. याला घोस्टिंग म्हणतात, असं मी ऐटीत सांगितलं. मालक हसून म्हणाले, भूत असंन तं त्यालेही लाव कामाले. बहुतेक केबल खराब असेल.

मंगळवार, ५
केबल बदलली, फरक नाही. मॉनिटर बदलला, फरक नाही. एका वेळी एकच वस्तू बदलायची, हा माझा नियम. शेवटी ग्राफिक्स कार्ड बदललं आणि चित्र लख्ख! स्वतःचीच पाठ थोपटली.
दुपारी आरा चालवणाऱ्या देवरावांचं मालकांशी वाजलं. पात्यावरची जाळी मालकांनी काढून टाकलीय. तिच्यामुळे काम मंदावतं म्हणे. देवराव मला म्हणाले, मले पात्याची भीती नाही वं पोरी, मालकाची हाय. वाईट वाटलं.

बुधवार, ६
दोष कार्डाचाच, हे पक्कं करायला जुनं कार्ड परत बसवलं. तसं करावंच लागतं. घोस्टिंग परत आलं. पण फिकट आकृती मागे रेंगाळायला हवी, ही पुढे चालते! फिकट ट्रक गेटमधून आला, खरा ट्रक दहा मिनिटांनी. घड्याळ लावून पाच वेळा पाहिलं. दहाच मिनिटं. खरं तर कार्ड फेकायला हवं, पण मला मजा वाटली, राहू दिलं.

गुरुवार, ७

११:०५ला पडद्यावर फिकट मालकांनी फिकट देवरावांना पात्यावर दाबलं. मी धावत जाऊन देवरावांना सांगितलं, मालक तुम्हाला मारणार आहेत, पळा. ते पळाले नाहीत. कुऱ्हाड उचलून मालकांवर गेले. मालकांचा खांदा फाटला. झटापटीत कुऱ्हाड सुटली, देवराव गुडघ्यांवर पडले — आणि बरोबर ११:१५ला मालकांनी त्यांची मान धरून तोंड पात्यावर दाबलं. पातं हाडात अडकून किंचाळत होतं. भुसा लाल झाला.
मी सांगितलं नसतं तर त्यांनी कुऱ्हाड उचललीच नसती. मीच मारलं त्यांना.

११:३५
मालकांनी मजुरांना बाहेर हाकललं. मला म्हणाले, रेकॉर्डिंग पुसून टाक. मी नाही म्हणाले. देवरावांसाठी एवढं तरी — त्यांनी माझा फोन हिसकावला. मला ऑफिसात कोंडून बाहेरून कडी घातली. खिडकीला गज.

११:४१
चौथ्या चौकटीत मी. मला चिकटून फिकट मी, वहीवर वाकलेली. तिच्यामागे फिकट मालक. कुऱ्हाड. एक घाव. दुसरा. कवटी उघडली — पेन पडलं.

११:४९
देवरावांनी हत्यार उचललं म्हणूनच घडलं. मी काही उचलणार नाही. उठणारही नाही. तिचं पेन पडलं, माझं पडणार नाही. लिहीतच राहायचं.
कडी वाजली —
वळायचं नाही — पावलं — आई गं — लिहीत रा