उपायास

बाबा,

काल माझ्या नवऱ्याच्या मृत्यूनंतरचा जलदान विधी झाला. घरात सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलेले, समोर त्यांचा फोटो, आणि पाली गाथा म्हणता म्हणता विधी करणाऱ्या उपासकांचा एक शब्द चुकला. मी बसल्या जागेवरून तो दुरुस्त केला. पालीच्या मास्तरांची मुलगी ना मी. माणसं माझ्याकडे बघतच राहिली. नंतर उमरेडची नणंद तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात आली. "वहिनी, रडा नं थोडं. असं काहून करून राहिल्या?" मी तिला चहा दिला. तिचा राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. सध्या कशाचंच काही वाटत नाही.

लहानपणचं आपलं स्वयंपाकघर तेवढं डोळ्यांपुढे येतं: तुम्ही ओट्यापाशी उभे राहून संत्रं सोलताय. मी खाली वही घेऊन बसलेय. एकेक फोड माझ्या हातावर ठेवत तुम्ही पालीतले दुःखाचे शब्द पाठ करून घेताय. शोक म्हणजे आतून जळणं. परिदेव म्हणजे मोठ्यानं रडणं. मग उपायास. "आपण अनायास म्हणतो नं, त्यातलाच आयास हा. कष्ट, दमछाक." मी विचारते, "मंग हा दुःखात काहून आला, बाबा?" तुम्ही बिया काढत म्हणता, "दुःख वाहून वाहून माणूस दमते, बाई. रडाले बी जोर लागते. तो कुठून आणावा त्यानं?" मला ते पटलं नव्हतं. दमलेला माणूस झोपेल, त्यात दुःख कसलं, असं मी म्हणाले, आणि तुम्ही हसून शेवटची फोड स्वतः खाल्ली.

आता पटलंय. डायलिसिसच्या फेऱ्या, ऑटोतून उतरताना माझ्या खांद्यावर येणारा त्यांचा सगळा भार, रात्रभर पाय चेपणं. माझं त्यांच्यावर फार प्रेम होतं, बाबा, आणि ते सगळं मी या कामांतच वापरून टाकलं असावं. नणंदेला हे सांगता आलं असतं. पण पाली शिकवायला बसले असते तर तिनं पुन्हा तोंडाला पदर लावला असता.

एक मात्र पालीतही कोणाला सांगणार नाही, आणि हा कागद तर कुठेच जाणार नाही. त्या दुपारी त्यांचा श्वास थांबला. मी हाक मारून पाहिली, त्यांचे डोळे मिटवले. मग कोणाला फोन करायच्या आधी त्यांच्या शेजारी जरा आडवी झाले, आणि मला झोप लागली. फार गाढ झोप लागली, बाबा.