कोपर सरळ केलं म्हणे

तोआ पायोह, सिंगापूर
सोमवार, १४ मार्च २०१६

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. आई म्हणते पत्राची सुरुवात अशीच करतात, म्हणून केला. मामीचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे बरे. बाबांचं ऑफिस आता पाया लेबारला गेलंय, त्यामुळे ते रोज घरी येऊन एमआरटी ट्रेनच्या गर्दीला नावं ठेवतात. आई मजेत.

तू म्हणशील फोन सोडून हा पत्र काय लिहितोय. फोनवर तू मला बोलू देतोस का? मी "मामा" म्हणेपर्यंत तुझं "बोल वाघा, स्पीड किती?" सुरू होतं, मग तूच बोलतोस, आणि शेवटी "दे ताईला." व्हॉट्सअॅपवर लिहिलं तर आई माझा फोन बघते. म्हणून कागद. माझं मराठी सहावीत थांबलंय आणि शाळा पण अर्धीच झालीय, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

मीनलमावशीने फॅमिली ग्रुपवर पेपरचं कात्रण टाकलंय. तुझा मैदानावरचा फोटो, हातात बॉल, मागे कॅम्पच्या पोरांची रांग. "कोथरूडच्या प्रशिक्षकाचा भाचा जपानच्या व्यावसायिक बेसबॉल संघात." मामा, मी अजून संघात नाहीये! छोटा क्लब आहे, त्यांनी मला शिकाऊ पिचर म्हणून घ्यायचं ठरवलंय, खोली, जेवण आणि थोडा पगार. तेही मेडिकल झाल्यावर. आणि पिचरला "बेसबॉलचा गोलंदाज" काय?

ते पण जाऊ दे. खाली तू म्हणालायस, "रुचिरमध्ये गुण होतेच, पण त्याचा हात वाकायचा. मी मेहनत घेऊन त्याचं कोपर सरळ केलं. पुढचं सगळं सोपं होतं."

सगळ्यांनी अंगठे टाकले. बाबांनी पण.

सोपं होतं? काय सोपं होतं सांगतो.

इथल्या शाळेत मी वर्षभर कोणाशी बोललो नाही. इंग्लिशच्या तोंडी परीक्षेला उभा राहिलो आणि तसाच खाली बसलो. पीटीला सॉफ्टबॉल असायचा. मला लांब, कुंपणाजवळ उभं करायचे, म्हणजे बॉल येणारच नाही. एकदा आला. मी तो तिथून सरळ कॅचरच्या हातात फेकला. कोपर वाकवून. कोणी ओरडलं नाही. पलीकडे हायाशीसान, माझे आताचे जपानी कोच, आपल्या ऑफिसच्या लोकांची टीम घेऊन आले होते, ते चालत माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "अगेन." बस, एवढंच. मी परत फेकला.

पहिलं वर्षभर त्यांनी मला मातीच्या उंचवट्यावर, जिथून पिचर बॉल टाकतो तिथे, चढू पण दिलं नाही. पळायचं, आणि घरी आरशासमोर उभं राहून हातात टॉवेल धरून बॉल टाकायची अॅक्शन करायची. रोज. आई ओरडायची, "अरे माझे चांगले टॉवेल!" मग फास्टबॉल, मग तसाच हात फिरवून हळू येणारा बॉल, त्याला चेंजअप म्हणतात, तो शिकायला तर अजून एक वर्ष गेलं. मॅचमध्ये ते माझे बॉल मोजतात. ठरलेले झाले की येऊन हातातून बॉल काढून घेतात, आम्ही जिंकत असलो तरी. मग दोन-तीन दिवस फेकायचं नाही. मी चिडलो की म्हणतात, "युवर आर्म इज नॉट माइन." तुझं आठवतं का? "अजून एक ओव्हर. अजून एक. रडतोस काय मुलीसारखा?"

मागच्या वर्षी शाळा सोडली. बाबा दोन महिने बोलले नाहीत. मंडळाच्या गणपतीत सगळ्यांना सांगत होते की मी होमस्कूलिंग करतोय. शैलेंद्रकाकांनी विचारलं, "काय शिकतोस सध्या?" मी म्हटलं, "चेंजअप." ते म्हणाले, "वा वा, आयटीत स्कोप आहे."

मग तैवानची स्पर्धा झाली, तिथे त्या क्लबचा माणूस आला होता. हे असं सोपं होतं.

खोटं नाही बोलणार. मनगट तुझं आहे. एकच स्टंप लावून तो पडेपर्यंत टाकायला लावायचास, तो नेम पण तुझा. हायाशीसाननी विचारलं तेव्हा मी सांगितलं, माय अंकल. पेपरवाल्याला तू तेवढं सांगितलं असतंस तर मी पण अंगठा टाकला असता.

पण तू कोपराचं बोललास. पेपरमध्ये. फोटो काढून!

तुझ्या लक्षात नसेल तर मी आठवण करून देतो. आई-बाबा आधी इकडे आले आणि माझी सहावी आणि सुट्टी संपेपर्यंत मी तुझ्याकडे राहिलो. मेच्या कॅम्पमध्ये तू सगळ्यांसमोर "नो बॉल! फेकतोय हा!" म्हणालास, आणि तेव्हापासून माझं नाव फेकी पडलं. मैदानावर तुला सर म्हणायचं, अहो-जाहो करायचं, घरी मामा. मी घरी मामाला विचारलं, हात नाहीच होत सरळ, काय करू? दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्या कोपरावर मागून लाकडी पट्टी लावली, क्रेप बँडेजने आवळली आणि म्हणाले, "आता वाकव बघू." पोरं हसली. तू पण.

आणि तसा मी बॉलिंग करत होतो. फास्ट. तू "अजून जोरात" म्हणत होतास.

जेवायला हाक मारतायत. उद्या लिहितो.


बुधवार, १६ मार्च

काल लिहिलंच नाही. का ते शेवटी सांगतो.

आतून कट् झालं, मामा. मला ऐकू आलं. बॉल नेटच्या बाहेर गेला. संध्याकाळी कोपर पेरूएवढं सुजलं. मामी म्हणाली, "अहो, एक्स-रे तरी काढा." तू म्हणालास, "लचकलंय फक्त. ताईला कळलं तर उद्या विमानात बसेल." आंबेहळदीचा लेप लावलास, तो मात्र स्वतःच्या हाताने, रोज. रात्री उशी पण नीट करून द्यायचास. म्हणून मी कोणाला काही बोललो नाही. स्काइपवर आई म्हणाली, "डाव्या हाताने काय खातोयस?" तर तू मागून, "उजव्यात पुस्तक आहे ना, अभ्यासू झालाय!" आणि मी हसलो. हात टेबलाखाली होता. मला वाटलं आपलं दोघांचं गुपित आहे. मोठी गोष्ट वाटायची ती मला.

आता ऐक. क्लबने मला इथल्या स्पोर्ट्स डॉक्टरकडे पाठवलं. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा एक तुकडा सुटून वाकडा जुळलाय. डॉक्टर म्हणाले, लहानपणी झालं असेल आणि नंतर त्रास नसेल तर चालेल. पण गेल्या एक-दोन वर्षांत पिचिंगमुळे झालं असेल तर हा हात टिकणार नाही, आणि तसं असेल तर क्लब घेणार नाही. मग विचारलं, लहानपणी काही लागलं होतं का?

आई शेजारी बसली होती. मी म्हटलं, नो.

हायाशीसान पण होते. ते उठून उभे राहिले, डॉक्टरसमोर वाकले आणि म्हणाले, देन इट इज माय फॉल्ट. जो माणूस माझा एकेक बॉल मोजतो, तो म्हणाला की माझी चूक! माझ्या आईची पण माफी मागितली त्यांनी. रविवारी प्रॅक्टिसला आले नाहीत. आणि त्याच रविवारी ग्रुपवर तुझं कात्रण. कोपर सरळ केलं म्हणे.

मला इतका राग आयुष्यात आला नव्हता.

पत्र लिहायला घेतलं तेव्हा ठरवलं होतं, की तुला सांगायचं, तू स्वतः आईला सांग, मी थांबतो. पण काल आई खाली दुकानात जाऊन कात्रणाची प्रिंट काढून आली. लॅमिनेट करून. फ्रिजवर लावत होती. म्हणाली, "बघ ना, प्रबोध किती खूश आहे. लहानपणी पण असाच, माझा रिझल्ट स्वतःचा असल्यासारखा गल्लीभर सांगायचा." मी म्हटलं, आई, ते नको लावू. ती म्हणाली, का रे? मी नेहमीसारखा गप्प बसणार होतो.

नाही बसलो. सगळं सांगितलं. पट्टी, कट्, लेप, स्काइप. तिने माझा हात घेतला, बाही वर केली आणि कोपर चाचपत बसली, आता काही दुखत नाही तरी. मग म्हणाली, "त्या दिवशी डाव्या हाताने खात होतास. मी हसले होते." मी म्हटलं, मामाला फोन लावू? तर म्हणाली, "मी नाही लावणार. त्याचा येऊ दे." प्रिंट तिने फाडली नाही. उलटी करून डब्याखाली ठेवलीय.

संध्याकाळी हायाशीसानच्या घरी गेलो, एकटा. दारातच सगळं सांगितलं. ते आत जाऊन बॉल घेऊन आले आणि माझ्या हातात दिला.

पण आज सकाळी डॉक्टरला फोन करून सांगितलं, तर त्यांना माझं एकट्याचं बोलणं पुरत नाही. मी आधी नो म्हटलंय ना. तेव्हा जो मोठा माणूस तिथे होता त्याने सांगायला हवं, म्हणाले. म्हणजे फिरून सगळं परत तुझ्यावरच आलंय, याचाच मला जास्त राग येतो. सोमवारी ४ एप्रिलला सिंगापूरच्या नंबरवरून तुला फोन येईल. इंग्लिशमध्ये विचारतील. तुझं इंग्लिश चांगलं आहे. पेपरवाल्याला सांगितलंस तसं भरभर नको, पट्टी होती ती सांग, कट् झालं ते सांग, एक्स-रे काढला नाही ते सांग. "लचकलं होतं" म्हणू नकोस.

आणि त्याच्या आधी आईला फोन कर. ती फोन जवळ घेऊन बसते, जेवताना पण. मला दिसतं.

मामाला माझा नमस्कार. प्रबोध सरांना सांग, की तुमच्या कॅम्पमधल्या त्या पोराचं कोपर कधीच सरळ झालं नाही, आणि आता त्याला फेकायसाठीच बोलावलंय.

फोन उचल.

तुझा भाचा,
फेकी