गुरुवारी दहापर्यंत आठ

१२ मे, सोमवार. संध्याकाळी ६
कणकवलीहून परत. बायकोला, किशोरीला, पस्तिसावा आठवडा. सोनोग्राफीत गर्भजल साडेपाच सेंटिमीटर. निदान आठ हवं. दुखण्याचं नाव ऑलिगोहायड्रॅम्निऑस. तीनदा पडताळून लिहिलं आहे.
डॉक्टर मॅडमचं म्हणणं: आराम, भरपूर पाणी, बाळाची हालचाल मोजणं. हालचाल मंदावली तर ताबडतोब निघायचं. नाहीतर गुरुवारी तपासणी. तेव्हाही पाणी कमीच असेल तर बाळ लवकर काढावं लागेल.
लागणार नाही. वाडीच्या नळपाण्याचा पंप सहा वर्षं मी चालवतो. टाकी एकदाही रिकामी पडू दिलेली नाही. गुरुवारपर्यंत आठ.
नवी वही. रकाने चार: पाणी, शहाळी, आराम, तापमान. हालचाल किशोरीकडे सोपवली. सगळं मीच कुठे कुठे बघू?

१३ मे, मंगळवार
सकाळी सहापासून दर अर्ध्या तासाला पेला. शहाळी तीन. किशोरी म्हणाली, "माका काय टाकी समाजलास?" चिडते आहे म्हणजे अंगात ताकद आली. नोंद केली.
शेजारची हौसाबाई घागर घेऊन दारात. वाडीला पाणीच नाही. पंप लावायचा राहिला. एकदा चालतं.

१४ मे, बुधवार. दुपारी ४
सकाळी देवळात गाऱ्हाणं घातलं. देवापुढे गाऱ्हाणं बोलणाऱ्या परशुरामकाकांना नेमकं सांगितलं: साडेपाचाचे आठ, उद्या सकाळी दहापर्यंत. काका म्हणाले, "मेल्या, देवाक सेंटिमीटर सांगतस?" मी हटलो नाही. शेवटी त्यांनी नारळ धरून आठ सेंटिमीटर मागितले. मागून साथीला "होय म्हाराजा" म्हणायला रिक्षावाला बाबली होता. हसत होता. हसू दे.
जेवणानंतर किशोरी म्हणाली, सकाळपासून तीनदाच हललं, निघूया. मी समजावलं: देवाला उद्या दहाची मुदत दिली आहे. आजच गेलो तर आपणच माघार घेतल्यासारखं होईल. मग म्हणाली, मागच्या माडाचं ताजं शहाळं हवं. पटलं एकदाचं!
शहाळं घेऊन आलो तर घराला कडी. हौसाबाई म्हणाली, "किशोरी गेला बाबलीच्या रिक्षेन कणकवलीक. तू बस शहाळा सोलत."

१५ मे, गुरुवार. सकाळी १०
मुलगी. काल संध्याकाळी, ऑपरेशन करून. एक किलो नऊशे. काचेच्या पेटीत आहे. जन्मताच रडली म्हणतात. मी तेव्हा एसटीत होतो.
पाणी तीनवर आलं होतं. पण मुदत आत्ता संपली. आज आठ झालं नसतं, हे कोणी सिद्ध करून दाखवावं.
मॅडम आल्या तेव्हा वही पुढे केली. दोन पानं चाळून म्हणाल्या, यात हालचालीचा रकाना कुठे आहे? केसपेपरला किशोरीचं पान टाचलेलं होतं. दिनदर्शिकेचं, मागच्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा, पुढे वेळ. बुधवारी तीनच. मॅडम म्हणाल्या, या रेघांमुळे वाचली. आज सकाळपर्यंत थांबला असता तर...
आत्ता नर्स आली. बाळाला दर तीन तासांनी दूध किती दिलं ते लिहायचं आहे, कोण लिहिणार?
मी हात वर केला. वही उघडून रकानाही आखला.
तिने कागद किशोरीला दिला.