मामांच्या ब्रशाला तेल लावल्याबद्दल

तीर्थरूप मामांना आणि मामींना दोन्ही हात जोडून नमस्कार. मामींचा खांदा अजून दुखत असेल तर त्यांनी आशीर्वादासाठी हात वर करू नये, मनातल्या मनात दिला तरी मला पोचेल.

तुमची दोघांची तब्येत बरी असेल अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल आहेत. (सगळे म्हणजे माणसं. आधी मी 'सगळं खुशाल आहे' असं लिहिलं होतं, पण ते खरं नसल्यामुळे खोडलं. खाडाखोडीबद्दल राग नसावा.) आईचे गुडघे बरे आहेत. बाबा वेळेवर कामावर जातात आणि बँकेच्या दारात ताठ उभे राहतात. त्या नोकरीत दाढी रोज गुळगुळीत लागते, आणि ती असतेही. दाढीवरून ब्रशाचा विषय निघालाच आहे (मीच काढला), तर त्याबद्दल थोडं लिहिते.

तुमच्यात आणि बाबांच्यात त्या शिडीवरून किती वर्षं अबोला होता, हे मी तुम्हाला सांगायला नको. शिडी कोणाची होती हे आता दोघांनाही आठवत नाही, असं आई म्हणते. मग तुम्ही सलून बंद केलंत आणि स्वतःच्या वापरातला, खऱ्या केसांचा दाढीचा ब्रश घेऊन आपण होऊन आमच्या दारात आलात. तेव्हापासून दर रविवारी तुमचा फोन येतो, तुम्ही विचारता, ब्रश काय म्हणतो दाजी, बाबा म्हणतात, एक नंबर, आणि तिथून जी गाडी सुटते ती अर्धा अर्धा तास थांबत नाही. आई तेवढा वेळ शेजारी बसून त्याच त्या उशीच्या खोळीची पुन्हा पुन्हा घडी करते आणि कान तिकडे ठेवते. दादा परत मिळाला, असं ती कोणाला बोलून दाखवत नाही, पण रविवारी तिचा आवाज वेगळा असतो. म्हणून आमच्या घरात तो ब्रश नुसता ब्रश नाही, हे मला पूर्ण ठाऊक होतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवावं.

गेल्या महिन्यात त्याला वास यायला लागला. ओल्या कुत्र्याचा येतो तसा. आईने तो चिमटीत धरून माझ्यापुढे ठेवला. घरात ज्याच्यावर अक्षर छापलेलं असेल ते माझ्या खात्यात येतं, हे तुम्ही जाणता. औषधाची बाटली, विजेची नोटीस, शेजारच्यांच्या मिक्सरची वॉरंटी. आता तर ज्याच्यावर काहीच छापलेलं नाही तेही येतं, कारण मी शिकलेली आहे आणि सगळे मला मास्तरीण म्हणतात. मी हिशेबतपासणी शिकले, त्यात ब्रश कुठल्याच पेपरला नव्हता. पण घराण्यात पहिल्यांदा कोणीतरी कॉलेजात गेल्यावर 'मला माहीत नाही' हे वाक्य तिला परवडत नाही.

माझ्याजवळ आधार फक्त तुमच्या शब्दांचा होता. देताना तुम्ही म्हणाला होतात, हे खरे केस आहेत, आपल्या केसांची ठेवतो तशी निगा ठेवा. मी ते अक्षरशः पाळायचं ठरवलं. आणि आमच्या घरात केसांतलं कळतं आईला, कारण तिची वेणी कमरेखाली जाते. (माझी खांद्यावरच संपते, त्यामुळे मला मत नाही.) आईने ब्रश चोळून पाहिला, म्हणाली फार रुक्ष झालेत, तेल हवं. मग कोमट तेल मुळांपर्यंत जिरवलं आणि टॉवेलात गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी कोंड्याचा शाम्पू लावला. ब्रशाला कोंडा होतो का, असं मी विचारलं. आई म्हणाली, मग हे पांढरं काय आहे? (तो शाम्पूचाच फेस होता.) मग विंचरलं. विंचरताना आईला दिसलं की टोकांना फाटे फुटलेत, आणि तिने कात्री मागितली.

मामा, मी बोलले. मी म्हटलं, आई, याची मुळं डोक्यात नाहीत, दांड्यात आहेत, हे परत वाढणार नाहीत. ती म्हणाली, "तू हिशेब बघ. केस मला बघू दे." मग एक बाजू आखूड झाली, तिला जुळवायला दुसरी केली, मग पहिली लांब वाटायला लागली. तुमचा जन्म या धंद्यात गेला, हे कुठे जाऊन थांबतं ते तुम्हाला ठाऊक आहे. जो कळीसारखा होता, तो आता नुकत्याच भरती झालेल्या शिपायाच्या डोक्यासारखा दिसतो.

त्यानंतर मला ब्रशाचा मूळ डबा सापडला. आई त्यात बटणं ठेवते. बटणांखाली छापील कागद होता. कोमट पाणी, सौम्य साबण, फेस जाईपर्यंत धुवा, हलकेच झटका, केस खाली करून टांगा, पूर्ण वाळू द्या. तेल लावू नये, हे ठळक छापलं होतं. कात्रीबद्दल अवाक्षर नव्हतं. लिहिणाऱ्याच्या ते स्वप्नातही आलं नसणार.

आम्ही ब्रश गुपचूप जागेवर ठेवला. सकाळी मी न्हाणीघराच्या दाराबाहेर जीव मुठीत धरून उभी होते. नळ वाजला, मग बाबांचं गुणगुणणं, आणि बाबा बाहेर आले ते चकचकीत गाल घेऊन. दुसऱ्या दिवशीही तेच. तेलकट, बोडक्या ब्रशाने फेस येतो कसा? मी विचार करकरून या निष्कर्षाला आले की फेस येतच नाही. बाबा कोरड्यानेच खरवडतात, आणि माझ्या शिक्षणाचा मान राहावा म्हणून तोंडातून शब्द काढत नाहीत. तेव्हापासून जेवताना मी त्यांच्या गालावर कापल्याच्या खुणा शोधते. काल त्यांनी विचारलं, माझ्या तोंडाला काय लागलंय?

मामींना नमस्कार लिहिलाच आहे.

तुमची,
मास्तरीण

ता. क. : हुबेहूब तसाच ब्रश मिळत असेल तर कोणाबरोबर तरी गुपचूप पाठवावा, रविवारच्या आत. बाबांनी सरळ विचारलं तर मात्र खोटं बोलू नये. न विचारतील अशी व्यवस्था करावी.

ता. क. दुसरा : पाकिटाला डिंक लावायच्या आधी टॉवेल काढायला न्हाणीघरात गेले, तर फडताळात जुन्या चपलांच्या मागे दाढीच्या क्रीमची ट्यूब दिसली. बोटाने लावायची, ब्रश न लागणारी. मागे वळले तर बाबा. त्यांनी ट्यूबकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दाराला आतून कडी घातली. मामा, तुमच्या ब्रशाने त्यांच्या गालावर पहिल्या दिवसापासून पुरळ उठतं. ते रोज तो नुसता भिजवतात आणि तसाच ओला ठेवून देतात, आईला वापरल्यासारखा वाटावा म्हणून. वास त्याचाच होता. ब्रश भादरलेला आहे हे त्यांना मी सांगेपर्यंत कळलंही नव्हतं. ऐकल्यावर ते बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी म्हटलं, बरं झालं, मामांना सगळं कळवते, नवा पाठवू नका म्हणून. तेव्हा मात्र हसणं थांबलं.

"वेडी आहेस का? ब्रश नसला तर तो फोनवर विचारणार काय? आम्हा दोघांना दुसऱ्या कशावरून बोलणं सुरू करायला येतं कुठे?"

ता. क. तिसरा : हे तुम्हाला लिहू नको, असं बाबांनी बजावलं आहे. पण तोवर लिहून झालं होतं, आणि लिहिलेलं फाडणं मला बरोबर वाटलं नाही. तरी ब्रश पाठवू नये. रविवारी नेहमीसारखा फोन करावा आणि नेहमीसारखंच विचारावं. ते एक नंबर म्हणतील, तुम्ही वा वा म्हणावं. मला खोटं ऐकवत नाही, म्हणून तेवढा वेळ मी खाली जिन्यात जाऊन बसेन. तुम्ही घाई करू नका. मी पुस्तक बरोबर नेणार आहे.